खुलासा न मागणारे जग

या मासिकाच्या मागील अंकात बडोद्यातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीच्या पुराविषयीची माझी दीर्घकथा प्रसिद्ध झाली. त्यानंतर वाचकांची जी पत्रे आली, त्यांतील काही कथेविषयी होती आणि बरीचशी माझ्याविषयी. मी समलिंगी स्त्री आहे, बडोद्यात माझ्या सहचरीसह राहते आणि विज्ञानकथा व अद्भुतकथा याच प्रकारांत लिहिते, असे कथेबरोबरच्या परिचयात छापले होते. त्यामुळे हे कुतूहल मला स्वाभाविक वाटते. संपादकांनी निवडून दिलेल्या पत्रांना येथे उत्तरे देत आहे. काही पत्रलेखकांनी नाव छापू नये असे कळवले, म्हणून सर्वांचेच केवळ गाव दिले आहे.

आपले घराणे जुने बडोदेकर, शिक्षण रसायनशास्त्राचे. मग अशा कथांकडे आपण कशा वळलात? कोणत्या वाचनाचा संस्कार झाला? (निवृत्त शिक्षक, ग्वाल्हेर)

आपणही संस्थानी गावचे आहात, तेव्हा महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घराची रीत आपल्याला समजावून सांगायला नको. दांडिया बाजारातल्या आमच्या घरात मराठी चाले आणि दाराबाहेर गुजराती सुरू होई. त्या एका उंबरठ्यावर नात्यांची संबोधने, थट्टेची पद्धत, सणांचा क्रम आणि कोणापुढे किती बोलावे याची मर्यादा, हे सारेच बदलत असे. एकाच गल्लीत दोन जगे आहेत, दोन्हींना आपापले नियम आहेत आणि माणूस दिवसातून अनेकदा एकातून दुसऱ्यात जातो, ही गोष्ट मला शाळेत जाण्यापूर्वीच ठाऊक होती. पुढे नवी जगे रचताना मला जे कौशल्य लागले, त्याची सुरुवात तेथे झाली असे मी मानते.

दुसरा संस्कार लोककथेचा. मेहसाणा जिल्ह्यातील बेचराजी येथे बहुचरा मातेचे देवस्थान आहे. हा मुलूख पूर्वी बडोदा संस्थानात होता आणि तेथील मंदिराशी गायकवाड घराण्याचा निकटचा संबंध आहे. आमच्या शेजारच्या गुजराती आजी त्या देवीची एक कथा सांगत. एका राजघराण्यात मुलगी जन्मते, ती मुलगा म्हणूनच वाढवली जाते, तिचे लग्नही एका मुलीशी लावले जाते. भेद उघड होण्याच्या भयाने ती घोडीवर बसून पळते आणि एका तळ्याकाठी थांबते. तिच्यामागून आलेली कुत्री पाण्यात उतरते व कुत्रा होऊन बाहेर येते, घोडीचा घोडा होतो, मग ती स्वतः पाण्यात उतरते आणि पुरुष होऊन सासरी परतते. हिजडा समाजाची या देवीवर अपार श्रद्धा आहे. लहानपणी मला त्या कथेतील चमत्कारापेक्षा तळ्याचे वागणे अधिक लक्षणीय वाटे, कारण तळे कोणालाही काही विचारत नाही. ज्या समाजाने ही कथा जपली त्याने हिजड्यांना सन्मानाने वागवले असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. कथा उदार आणि रस्ता क्रूर, असे आपल्याकडे दीर्घकाळ सुखाने एकत्र नांदत आले आहे.

तिसरे ऋण ग्रंथालयांचे. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे उभारले. गावोगावी पुस्तकांच्या पेट्या फिरवण्याची व्यवस्थाही त्याच काळातली. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात पुस्तकांच्या मजल्यांची जमीन काचेची आहे, त्यामुळे वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत झिरपतो. पुढे महाविद्यालयात असताना विद्यापीठाच्या हंसा मेहता ग्रंथालयात मला अर्सुला ले गुइन या अमेरिकन लेखिकेची १९६९ सालची ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ ही कादंबरी सापडली, जिच्यातील हिमग्रहावरील माणसे महिन्यातील थोडे दिवस वगळता ना स्त्री असतात ना पुरुष. त्या ग्रहावरही राजकारण आहे, हेवा आहे, थंडीत मैलोन्‌मैल चालणे आहे. केवळ आपल्याकडे ज्यावरून माणसाची पहिली वाटणी होते, ती गोष्ट तेथे नाही. मी तेव्हा वीस वर्षांची असेन, माझे मन कोठे ओढ घेते हे मला कळून चुकले होते आणि त्याबद्दल बोलता येईल असे एकही माणूस माझ्याजवळ नव्हते. ते पुस्तक वाचल्यावर मला सांत्वन मिळाले असे म्हणता येणार नाही. जग असेही रचता येते, ही एक कामाची गोष्ट मात्र मिळाली.

समलिंगी स्त्रियांचे जीवन हाच आपला विषय असेल, तर तो सरळ वास्तववादी कथेतून का मांडत नाही? पूर, बोलणारी नदी, कल्पित नगरे यांच्या आडून लिहिणे ही पळवाट वाटते. (वाचक, इंदूर)

आपण हा प्रश्न स्पष्ट विचारलात याबद्दल मी आभारी आहे. तोच अनेकांच्या मनात आहे आणि त्याचे उत्तर मला सविस्तर द्यायचे आहे.

विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ मध्ये रंगभूमीवर आले. स्त्रीवर प्रेम करणारी सुमित्रा ही त्याची नायिका, आणि त्या काळी मराठी प्रेक्षकांसमोर ती उभी करणे हे मोठे धाडस होते. त्या धाडसाविषयी मला आजही आदर वाटतो. परंतु दोन गोष्टी पाहा. सुमित्रेची कथा बापू हा तिचा मित्र आपल्याला सांगतो, आणि शेवटी सुमित्रा आत्महत्या करते. माझ्या पिढीतील ज्या मुलीने मराठीत प्रथमच स्वतःसारखे कोणी पाहिले, तिने तिला दुसऱ्याच्या तोंडून पाहिले आणि लगेच मरताना पाहिले. हा दोष मी नाटककाराला देत नाही. भोवतालचे वास्तव इमानाने उतरवायचे तर अशा माणसाला कथेत सतत कोणाला तरी खुलासा द्यावा लागतो, आईला, डॉक्टरला, वसतिगृहाच्या अधीक्षिकेला, अखेरीस प्रेक्षकाला; आणि सारी कथा खुलाशातच खर्ची पडली की तिला शेवट करण्यासाठी मृत्यू, परगाव किंवा नाइलाजाचे लग्न एवढेच मार्ग उरतात. मला या माणसांच्या हातून दुसरे काही घडवायचे होते. त्यांनी भांडावे, पैसे बुडवावेत, म्हाताऱ्या सासूची शुश्रूषा करावी, चुकीच्या माणसावर विश्वास ठेवावा, कारखाना चालवावा. ते साधण्यासाठी जगाकडून त्यांना विचारला जाणारा पहिला प्रश्न काढून घेणे आवश्यक होते, आणि तो काढून घेण्याचे साधन मला कल्पित कथेतच सापडले.

आता पळवाटेविषयी. ‘वास्तव’ हे स्थिर आहे आणि कल्पना तेवढी चंचल, असे आपण गृहीत धरता. आमचा अनुभव तसा नाही. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने दंडसंहितेतील हे संबंध गुन्हा ठरवणारे कलम ३७७ पुन्हा संमतीच्या संबंधांपुरते रद्द ठरवले. माणसे तीच, घर तेच, सकाळचा चहाही तोच, आणि एका दिवसात जगाचा एक नियम बदलून आपण गुन्हेगार ठरतो किंवा ठरत नाही. हे आम्ही दहा वर्षांच्या आत तीनदा अनुभवले. कल्पित कथेची पद्धत नेमकी हीच असते की एक नियम बदलावा आणि त्यामुळे स्वयंपाकघरापासून कचेरीपर्यंत काय काय बदलते ते पाहावे. रुकय्या सखावत हुसेन या बंगाली लेखिकेने १९०५ मध्ये मद्रासच्या एका मासिकात लिहिलेल्या इंग्रजी कथेत पुरुष पडद्यात राहतात आणि स्त्रिया सूर्याच्या उष्णतेचा उपयोग करून राज्य चालवतात. पडदा तोच ठेवून त्यांनी त्याच्या आत कोणी राहायचे एवढेच बदलले. त्या कथेला पळवाट म्हणण्याचे धैर्य मला होणार नाही.

माझ्या पुराच्या कथेतही एकच नियम बदलला आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगते: त्या कथेतील विश्वामित्री पूर ओसरताना प्रत्येक घराच्या उंबरठ्याशी थांबते आणि ज्यांनी ते घर हाताने सांभाळले त्यांनाच त्या घरची माणसे मानते. रक्ताचे नाते, लग्न, मालमत्तेवरील नाव, यांपैकी काहीही तिला वाचता येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये नदीचे पाणी शहरात शिरले, रस्त्यांवर मगरी दिसल्या आणि ओल्या कागदपत्रांचे गठ्ठे गच्चीवर वाळत पडले, तेव्हा ही कल्पना सुचली. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला होता. त्यामुळे माझ्या सहचरीशी माझे नाते कोणत्या कागदावर आहे, याचे उत्तर माझ्या कपाटात नव्हतेच. जे भिजण्यासारखे नव्हते त्याची काळजी मात्र मला इतरांइतकीच होती.

येथे माझा एक आग्रह आहे, आणि लेखक म्हणून तोच माझा सर्वांत मोठा आग्रह समजावा. बदललेल्या नियमाची किंमत कथेने पूर्ण मोजली पाहिजे. त्या नदीमुळे कथेतील रेवा आणि तिच्या मैत्रिणीचे घर वाचते, परंतु त्याच नियमाने रेवाची म्हातारी आई बाहेर राहते, कारण तिने या घरात कधी पाऊल ठेवलेले नसते. रेवाला आई हवी आहे आणि नदी ऐकत नाही. केवळ आमच्या सोयीचा नियम करून सर्वांना सुखी करणारी कथा मी लिहिली असती, तर आपला पळवाटेचा आक्षेप मला मान्य करावा लागला असता.

घर कोणाला आपले म्हणते, हा प्रश्न या शहराला नवा नाही, हेही नमूद करते. १९१७ मध्ये संस्थानच्या नोकरीसाठी आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना येथे जातीमुळे कोणी जागा दिली नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले आणि तेथूनही हुसकावल्यावर कमाटी बागेत झाडाखाली बसण्याची वेळ आली. जातीचे दुःख आणि आमचे दुःख एक नव्हे, आणि पहिल्याची उसनवारी करून दुसरे मोठे दाखवू नये असे माझे ठाम मत आहे. तरीही बडोद्यात बसून उंबरठ्याची कथा लिहिणाऱ्याने त्या झाडाचा विसर पडू देऊ नये.

जयंत नारळीकरांच्या परंपरेत विज्ञानकथेला विज्ञानाचा आधार लागतो. आपल्या नदीला कोणता आधार आहे? (अभियंता, नाशिक)

विज्ञानाचा कोणताही नाही, आणि म्हणूनच त्या कथेला मी विज्ञानकथा म्हणत नाही. डॉ. नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने कथा पाठवली आणि ती पहिली आली; तेथून मराठीत या प्रकाराला जी शिस्त लागली ती मला पूर्णपणे मान्य आहे. माझ्या ज्या कथांत रसायन येते, त्यांतील अभिक्रिया तपासून घेतल्याशिवाय मी कथा हातावेगळी करत नाही. मात्र आपल्या भाषेत कल्पनेची दुसरी वाटही तितकीच जुनी आहे. महाभारताच्या अनुशासनपर्वात भीष्म युधिष्ठिराला भंगास्वन राजाची कथा सांगतात. इंद्राच्या कोपाने स्त्री झालेला हा राजा पुन्हा पुरुष होण्याची संधी मिळाल्यावर ती नाकारतो. तेथे आधार मागायचा तो कार्यकारणाचा, आणि तो कथेच्या आत पक्का असला पाहिजे. माझी नदी कधी नियम पाळते आणि कधी पाळत नाही, असे आपल्याला कोठे आढळल्यास अवश्य कळवावे.

भूपेन खख्खर बडोद्याचेच. त्यांच्या चित्रांचा आपल्या लेखनावर परिणाम आहे का? (कलाशाखेचा विद्यार्थी, वडोदरा)

आहे, आणि तो मान्य करताना मला आनंद होतो. सनदी लेखापालाचे शिक्षण घेतलेला हा माणूस १९६२ मध्ये मुंबईहून बडोद्यात आला, हिशेबनिसाची नोकरी सांभाळून चित्रे काढत राहिला, गुजरातीत कथा-नाटके लिहिली आणि २००३ मध्ये येथेच वारला. त्यांचे ‘यू कान्ट प्लीज ऑल’ हे चित्रही १९८१ चेच, म्हणजे तेंडुलकरांच्या नाटकाच्या वर्षीचे. सज्जात एक नग्न पुरुष पाठमोरा उभा आहे आणि खाली बाप, मुलगा व गाढव यांची आपल्या सर्वांना पाठ असलेली गोष्ट घडते आहे, एकेक प्रसंग एकाच रस्त्यावर. हे चित्र म्हणजे खख्खरांनी आपल्या समलिंगीपणाचा केलेला जाहीर उच्चार मानला जातो. मला त्यात सर्वांत शिकण्यासारखे वाटते ते असे की सज्जातला माणूस आपल्याकडे तोंड करून काहीच सांगत नाही. तो गोष्ट पाहतो. खुलाशाची जागा एका लोककथेने घेतली आहे, आणि तिच्याशेजारी रोजची दुकाने, रोजची घरे तशीच्या तशी आहेत. ललितकला विद्याशाखेत आपण शिकत असाल, तर या चित्रातील मधल्या अंतराचा अभ्यास करावा. अद्भुत आणि ओळखीचे यांच्यात किती जागा सोडावी, हे मी तेथून शिकले.

ताई, माझ्या मुलीने आपली कथा माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “आई, यातली रेवा मी आहे.” मी कथा वाचली, पण मला काय करावे ते सुचत नाही. ती पुढे दुःखी होईल का? (एक आई, इंदूर)

आपण कथा वाचलीत, यातच तिने मागितलेले बरेचसे आपण दिले आहे. आपल्याला दोन गोष्टी निश्चितपणे सांगू शकते. हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकता रोगांच्या यादीतून काढली आणि भारतातील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये तसे जाहीर केले. म्हणून “बरे करून देतो” असे सांगणारा कोणीही भेटला, डॉक्टर असो वा महाराज, तरी मुलीला त्याच्याकडे नेऊ नका. आणि हा गुन्हाही नाही.

ती दुःखी होईल का, हे मला सांगता येणार नाही. पण कथेतील रेवाला जे दुःख होते ते मैत्रिणीवरील प्रेमामुळे होत नाही, हे आपण वाचलेच आहे. आईने घरात कधी पाऊल ठेवले नव्हते, एवढेच ते आहे. तिच्या मैत्रिणीला एकदा जेवायला बोलवा, तिला काय आवडते ते मुलीला विचारा, आणि पहिल्याच दिवशी सारे बोलून झाले पाहिजे असे मानू नका.

माझ्या कथेचा निवेदक स्त्रीही नाही आणि पुरुषही नाही. मराठीत ‘मी गेलो’ किंवा ‘मी गेले’ यांपैकी काहीतरी निवडावेच लागते. यातून मार्ग आहे का? (नवोदित लेखक, नांदेड)

मार्ग आहे आणि तो मराठीच्या व्याकरणातच आहे; त्यासाठी नवी रूपे घडवण्याची गरज मला तरी भासलेली नाही. सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ कर्माप्रमाणे चालतो, कर्त्याप्रमाणे नाही. ‘मी दार उघडले’, ‘मी पत्र वाचले’, ‘मी त्याला ओळखले’, यांतून बोलणाऱ्याचे लिंग कळत नाही. ‘मी म्हणालो’ आणि ‘मी म्हणाले’ यांत भेद आहे, पण ‘मी म्हटले’ मध्ये नाही. भविष्यकाळातील ‘मी जाईन’, रीतिभूतकाळातील ‘मी जात असे’ आणि चालू क्रियेचे ‘मी जात आहे’ ही रूपेही तशीच मोकळी आहेत. ‘मला वाटले’, ‘मला जावे लागले’, ‘माझ्याने चालवेना’ ही सारी रचना तर आपल्या बाजूचीच आहे. अडचण येते ती जाणे, येणे, बसणे अशा अकर्मक क्रियांच्या भूतकाळात, ‘मी करतो-करते’ या साध्या वर्तमानात, आणि शिकणे-विसरणे यांसारख्या क्रियापदांत, जी कर्म असूनही कर्त्यामागे जातात. विशेषणांवरही नजर ठेवावी लागते. ‘थकलेला’ लिहिण्याऐवजी ‘अंगात त्राण नव्हते’ असे लिहावे लागते, आणि बहुधा ते अधिक चांगले वाक्य ठरते.

बडोद्यात राहिल्यामुळे मला हे लवकर लक्षात आले, कारण गुजरातीत ‘हुं जाउं छुं’ असे स्त्री आणि पुरुष दोघेही म्हणतात, आणि आमच्या घराच्या दाराबाहेर वर्तमानकाळात बोलणाऱ्याचे लिंग कधी उघड होत नसे.

या बंधनाचा कथेवर एक परिणाम होतो, तो आधीच ओळखून घ्या. असा निवेदक नुसता येत-जात, उठत-बसत राहू शकत नाही; त्याला सतत कशाला तरी हात घालावा लागतो, वस्तू उचलाव्या, माणसे ओळखावी, दारे उघडावी लागतात. त्यामुळे तो आपोआप क्रियाशील होतो, आणि आपली कथा जर एकटेपणाची, केवळ बसून राहण्याची असेल, तर ही पद्धत तिला मानवणार नाही. तेथे पत्रे किंवा रोजनिशीतील तुटक नोंदी यांचा विचार करावा. संवादात समोरची व्यक्ती निवेदकाला ‘आपण’ किंवा ‘तुम्ही’ म्हणत असेल तर ‘गेलात’, ‘आलात’ चालते. ‘तू’ म्हणणारे जवळचे पात्र आले की ‘गेलास’ आणि ‘गेलीस’ यांतून सुटका नाही, म्हणून त्या पात्राला आज्ञार्थ, प्रश्न आणि सकर्मक क्रिया द्या: ‘ये’, ‘जेवण केलेस का’, ‘किती दिवसांनी फोन केलास’. पहिला खर्डा झाल्यावर तो मोठ्याने वाचून पाहा आणि जेथे वाक्य मुद्दाम वळवल्यासारखे ऐकू येईल तेथे वाक्याऐवजी प्रसंगच बदला. कथा पूर्ण झाल्यावर संपादकांच्या पत्त्यावर माझ्या नावे पाठवावी. मी ती वाचेन.